न उघडलेला पंप

आमच्या अप्पांनी दुसऱ्यानं आवळलेला स्क्रू कधी तसाच सोडला नाही. सुतार येऊन गेला की ते स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच्या मागून फिरणार, प्लंबर गेला की पान्हा घेऊन. आमच्या घरात माया करायची हीच रीत होती, चुका काढणं. मीही धारवाडच्या त्याच घरात वाढले, हुबळीला शाळेत शिक्षिका झाले, आणि पोरांच्या वहीत तांबडी शाई उमटल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा अप्पांना एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

एकोणीसशे नव्वद साल उलटल्यावर सरकारी नोकरीतून निवृत्त होताना त्यांनी मिलिटरीच्या लिलावातून निघालेली एक जुनी जीप विकत घेतली. या वयात सवत आणली, असं आई येईल-जाईल त्याला सांगायची. माझ्या धाकट्या भावाला मात्र ती बघताक्षणी आवडली. तो हुबळीत गोकुळ रोडवर एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. त्यानं इंजिनिअर व्हावं ही अप्पांची इच्छा. तो झाला नाही, आणि ते दुखणं घरात कुठल्या ना कुठल्या निमित्तानं रोज बाहेर पडायचं. पण जीपखाली दोघं शेजारी शेजारी आडवे झाले की घर शांत व्हायचं. आईला त्या सवतीचा तेवढाच काय तो उपयोग.

एकदा जीपच्या ऑइलला पेट्रोलचा वास यायला लागला. ऑइलची पातळी बघायच्या गजावर ते कमी व्हायच्या ऐवजी वर चढलेलं दिसलं. भावानं वास घेतल्या घेतल्या सांगितलं, पंपाचा पडदा फाटलाय, पेट्रोल इंजिनात उतरतंय. हा पंप टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला देतो. तोंडाला तोंड लावलेली दोन भांडी, मध्ये रबर चढवलेल्या कापडाचा गोल पडदा, आणि सगळ्यात वर कचरा अडवायला एक काचेची वाटी. एक दांडी तो पडदा खालीवर हलवते. जोडताना ती दांडी पूर्ण दाबून धरायची आणि मगच स्क्रू आवळायचे, म्हणजे पडदा जरा सैल राहतो. ताणून बसवला तर थोड्याच दिवसांत स्क्रूच्या भोकापाशी फाटतो. हे सगळं मला या दोघांच्या वादांतून पाठ झालेलं.

त्या दिवशी मी माहेरी होते. भावानं व्हरांड्यात बसून नवा पडदा घातला, पंप जोडला आणि इंजिनावर चढवलाही. अप्पा बाजारातून आले तेव्हा काम संपलं होतं. त्यांना ते बघायला मिळालं नाही, आणि तिथंच त्यांचं बिनसलं.

"दांडी दाबली नाहीस तू," ते म्हणाले. "माहितेय मला तुझी घाई. आयुष्यात एक काम धड केलं नाहीस. फाटणार बघ हे."

भावानं पान्हा पेटीत टाकला. आत जाऊन हात धुतले, आईशी दोन शब्द बोलला आणि मोटारसायकलला किक मारून हुबळीला निघाला. वाटेत रायापूरजवळ त्याला ट्रकनं उडवलं, जागच्या जागी गेला. घरी निरोप आला तेव्हा अप्पा आणलेली भाजी निवडत बसले होते.

पुढची सात-आठ वर्षं जीप बिनतक्रार चालली. अळणावरला माझ्या आत्याकडे कितीदा जाऊन आली. अप्पा घरातले बाकीचे सगळे स्क्रू आवळत राहिले, पण त्या पंपाला त्यांनी बोट लावलं नाही. जीप सुरू करायच्या आधी मात्र गज बाहेर काढून ऑइलचा वास घ्यायचे. मला वाटायचं, काळजी घेतायत. पुष्कळ उशिरा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो पडदा फाटायची ते वाट बघत होते. फाटला असता तर त्या दिवशीचं बोलणं निदान खरं ठरलं असतं. पोराला लागेल असं बोललो, पण खोटं नाही बोललो, एवढ्याच आधारावर ते दिवस काढत होते.

आणि एका सुट्टीत मी गेले तर पंपाखाली ओल दिसली, पेट्रोल ठिबकत होतं. "फाटला शेवटी," अप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी दिसलं.

माझ्या पर्समध्ये खडू असतातच. मी पंप फडक्यानं कोरडा केला, वरून खाली खडूची पूड फासली आणि इंजिन सुरू करायला लावलं. पूड आधी भिजली ती अगदी वर, काचेच्या वाटीच्या काठाला. पेट्रोल तिथून ओघळून सांध्यावर येत होतं. गज काढून बघितला, ऑइल जिथल्या तिथं.

"अप्पा, वाटीखालचं बुचाचं पॅकिंग वाळलंय," मी म्हटलं. "तेवढं बदलू. पडद्याला काही झालेलं नाही."

"पंप उतरव."

"कशाला पण?"

"उतरव म्हणतोय ना."

आई दारात येऊन उभी होती. "ब्याड," ती कानडीत म्हणाली. "नका उघडू. चाललंय की ते बरं."

"मला बघायचंय," अप्पा म्हणाले.

मी पंप उतरवला. दोन्ही भांडी पुन्हा नेमकी जुळावीत म्हणून उघडायच्या आधी सांध्यावर कानशीनं एक रेघ मारतात. भावाची रेघ तिथं होतीच, सरळ आणि बारीक. अप्पांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि स्क्रू काढायला घेतले.

पडदा अखंड होता. भोकं गोल होती, कुठंही ताणलेली नव्हती. कडेनं सगळीकडे सारखा सैलपणा होता. अप्पांनी तो उजेडात धरला. चष्मा पुसून परत धरला. ते चूक शोधत होते, आणि ती सापडावी म्हणून मी, त्यांची मुलगी, त्या मेलेल्या पोराची बहीण, मनातल्या मनात देवाला हात जोडत होते.

"दाबूनच आवळलाय," ते शेवटी म्हणाले. "नीट केलंय गं त्यानं."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "हात धुताना सांगून गेला. म्हणाला, दाबली होती गं दांडी, पण आत्ता अप्पांचं डोकं तापलंय. पुढच्या खेपेला आलो की उघडूनच दाखवतो त्यांना."

अप्पांनी मान वर केली. "आणि हे तू मला आज सांगायलीस?"

"तो गेला तेव्हा तुम्ही पाण्याचा घोट घेत नव्हता. त्यात हे सांगितलं असतं तर तुम्हीही गेला असता. मला एक तरी माणूस पाहिजे होतं घरात."

अप्पा पडदा हातात घेऊन व्हरांड्याच्या फरशीवर बसले. माझ्या बापाला एवढं हरलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"दांडी दाबलीस का रे," ते म्हणाले. "एवढंच विचारायला पाहिजे होतं मी त्याला. एवढंच."