सुधा कोण होती?

श्रीधर गेल्याचं मला निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळलं. वर कुणाच्या तरी नातीच्या बारशाचे फोटो, त्याखाली श्रीधरचा फोटो आणि मग जोडलेल्या हातांची रांग... मी पालीच्या बाजारात भाजी घेत होतो. हातातली मेथीची जुडी तशीच ठेवली आणि रत्नागिरीची एस.टी. पकडली. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं गाव दादा म्हणतं, त्यांनी कुणासाठी थांबायचं नाही असं ठरवलं होतं. "तुला कळवायचं गडबडीत राहून गेलं," ते मला म्हणाले. राहून गेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात शोकसभा झाली. श्रीधरने आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, पण आपल्या जिल्ह्यात ती न वाचलेलं घर शोधावं लागेल. हरी आणि सुधा यांची ती गोष्ट. सुधा शेवटी भाट्याच्या खाडीत बुडून मरते. ही सुधा खरी कोण, हे कोडं गेली कित्येक वर्षं गावाला पडलेलं. दादांनी ते त्या दिवशी माईकवरून सोडवून टाकलं. सुधा म्हणजे आमच्याच शाळेतल्या देसाईबाई, त्याही आता हयात नाहीत, दोघांचं मनातलं मनातच राहिलं, म्हणून श्रीधर अविवाहित राहिला... सभागृह हळहळलं. देसाईबाई संस्कृत शिकवायच्या आणि श्रीधरला वेळापत्रकापलीकडे कधी काही विचारत नसत. बिचारी आता नाही म्हणायलाही येऊ शकत नाही. म्हणूनच तिला निवडलं.

मग दादा माझ्याकडे वळले. "मोहन, तू त्याचा जुना मित्र. सुधाबद्दल दोन शब्द बोल." माझ्या गप्प बसण्यावर त्यांचा केवढा विश्वास! मी उठलो, म्हणालो, "बोलत नाही. लिहीन."

तर लिहितो.

श्रीधर आणि मी एकाच वर्षी शाळेत लागलो. तो मराठी शिकवायचा, मी गणित. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तो माझ्याबरोबर पालीला यायचा. माझी खोली चिऱ्याची, पुढे लहानसा पडवीचा तुकडा. तिथे तो वह्या तपासायचा, मी भात लावायचो. दोघांच्याही घरी लग्नाचं चाललेलं असायचं, आणि त्याबद्दल आम्ही इतक्या हसत बोलायचो की आमच्यात दुसरं काही बोलायला जागाच उरू नये. तो निघाला की मी एस.टी. वळणापलीकडे जाईपर्यंत उभा राहायचो. तो खिडकीतून मागे बघायचा. एवढंच. याहून जास्त काही घडलं असं कुणाला वाटत असेल तर ते वाटणं त्याच्यापाशीच राहू दे.

एका मे महिन्याच्या सुट्टीत त्याने मला कादंबरी वाचून दाखवली. त्यात सुधा नव्हती, सुधाकर होता. सुधाकरच्या डाव्या भुवईत लहानपणी काजूच्या झाडावरून पडल्याची तुटकी रेघ होती. चिडला की तो गुणगुणायचा. हसण्याआधी तोंडावर हात धरायचा. समुद्राकाठी जन्मूनही पाण्याला घाबरायचा. मी ऐकत होतो आणि माझा हात भुवईकडे गेला तो तिथेच राहिला. शेवटी हरी आणि सुधाकर जेटीवर उभे असतात, बोट सुटते, दोघांपैकी कुणीच काही बोलत नाही... वाचून झाल्यावर त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "कशी झालीय?"

"सुधाकरला पोहायला शिकव," मी म्हणालो.

तो हसला. आमच्या दोघांच्या आयुष्यात याच्या इतक्या जवळ आम्ही पुन्हा कधी आलो नाही.

वडील लवकर गेल्यामुळे श्रीधरला दादांनीच वाढवलं होतं. म्हणून कादंबरी आधी त्यांच्या हातात गेली. दादा आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी ती एका दमात वाचली आणि म्हणाले, "चांगली आहे. पण हे असं छापून आलं तर आई विहीर जवळ करील. दोन अक्षरं तर खोडायचीत. सुधाकरची सुधा कर, झालं." हे मला श्रीधरनेच सांगितलं. आणि त्याने ती दोन अक्षरं खोडली. मला साडी नेसवली, वेणी घातली, आणि जून उजाडायच्या आत माझी बदली मंडणगडच्या शाखेत झाली. बदलीचं कारण विचारायला मी दादांकडे गेलो, तेव्हा ते झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. "तिकडे गणिताला माणूस नाही," म्हणाले. मग माझ्या भुवईकडे नीट पाहून म्हणाले, "आणि इकडे जरा जास्तच झालाय."

कादंबरी गाजली. तिचं नाटक झालं, गावोगावच्या मुलींनी माझं काम केलं. मंडणगडला वर्गातल्या पोरी मला विचारायच्या, "सर, तुम्ही तर त्यांना ओळखता. सुधा कोण होती हो?" मी फळ्याकडे वळायचो.

श्रीधर मंडणगडला एकदाच आला, पुस्तक घेऊन. मी चहासुद्धा विचारला नाही.

"बुडवलंस मला," मी म्हणालो.

"काय करू मग? जिवंत ठेवली असती तर तिचं लग्न लावावं लागलं असतं. ते मला लिहवलं नसतं रे..."

तो परतीच्या गाडीने गेला. पुढे त्याने एक ओळ लिहिली नाही. लोक म्हणाले, सुधाच्या दुःखाने लेखणी आटली. बरोबरच म्हणाले. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, त्याच्या मरणानेही नाही. पण तो राग माझ्या घरचा आहे. दादांचा हिशेब वेगळा.

हा लेख येणार असल्याचं कळल्यावर दादांचा फोन आला. आवाज म्हातारा झालाय. "मोहन, माझं नाव घालणार आहेस का?"

"नाही."

ते सुस्कारले. त्यांना वाटलं मी सोडलं. शाळेच्या फाटकावर, देवळाच्या पायरीवर, पाण्याच्या टाकीवर ज्यांचं नाव कोरलेलं आहे, त्यांना श्रीधरबरोबर छापून यायची ही शेवटची संधी होती. त्यांनी माझं नाव खोडलं. मी त्यांचं लिहीतच नाही. दादा गावात पुष्कळ आहेत.

परवा ते बाहेरगावी असताना त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, मला बोलावून घेतलं. श्रीधरच्या खोलीत त्या कपाट उघडून उभ्या होत्या. "यांना भावजींचे शर्ट होत नाहीत," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुम्हाला होतील असं मला लग्न होऊन आले तेव्हापासून वाटतंय." त्यांनी निळ्या रेघांचा एक शर्ट माझ्या हातात दिला. कॉलर आतून झिजलेली, खिशाला शाईचा डाग. घरी येऊन घालून पाहिला. बाह्या लांब होतात, दुमडाव्या लागतात.

रविवारी शाळेत श्रीधरच्या नावाच्या वाचनकक्षाचं उद्घाटन आहे. देसाईबाईंचा फोटोही लागणार आहे म्हणे. मी पहिल्या रांगेत, दादांच्या बरोबर समोर बसणार आहे. तोच शर्ट घालून. धुतलेला नाही.