साध्या गाठीची बातमी

सव्वीस वर्षांच्या नोकरीत सिस्टरांनी कॅन्सरची बातमी उभ्याने कधी दिली नाही. पहिल्याच वर्षी एका डॉक्टरांनी हात पुसता पुसता दारातूनच एका आजोबांना सांगितलं होतं, "कॅन्सर आहे, घरच्यांना बोलवा." आजोबांचा घास हातातच राहिला होता.

तेव्हापासून सिस्टर पडदा ओढायच्या, खाटेजवळ स्टूल सरकवायच्या आणि विचारायच्या, "आत्तापर्यंत तुम्हाला काय काय कळलंय?" मग तो शब्द एकदाच, स्पष्ट उच्चारायच्या आणि पेशंट बोलेपर्यंत गप्प बसायच्या. नव्या मुलींना बजावायच्या, "घड्याळाकडे बघायचं नाही. आणि सगळं ठीक होईल, असं तर मुळीच म्हणायचं नाही."

वॉर्डाने याचा भलताच अर्थ लावला. सिस्टर बसल्या की माणूस गेला, एवढंच लोक शिकले. पाठीमागे त्यांना 'स्टूलवाली' म्हणायचे.

छातीतली गाठ काढलेली एक शिवणकाम करणारी बाई चार दिवस रिपोर्टची वाट बघत होती. नवरा उशाशी बसून तिला संत्री सोलून द्यायचा. रिपोर्ट चांगला आला. सिस्टरांच्या टाचा सकाळपासून ठणकत होत्या. चांगली बातमी बसून दिली तर काय बिघडलं, म्हणून त्यांनी स्टूल ओढलं.

नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. "चहा घेऊन येतो," म्हणत तो उठला.

"अहो, ऐकून तर जा!"

तोवर तो जिन्यापर्यंत पोचलासुद्धा.

"गाठ साधी आहे," सिस्टर बाईला म्हणाल्या. बाई दाराकडेच बघत राहिली. चहा आलाच नाही. फोन बंद. संध्याकाळी शेजारीण सांगत आली, तो कपड्यांची बॅग भरून बहिणीकडे निघून गेला.

तिसऱ्या दिवशी वॉर्डातला फोन वाजला.

"किती दिवस राहिलेत हिचे?" नवऱ्याने विचारलं.

"कॅन्सर नाहीये तिला. तुम्ही थांबला असतात तर कळलं असतं."

तो खेकसला, "मग आधी नाही का सांगायचं!"

टाके काढायला दोघं बरोबर आली. तिची पिशवी त्याच्या खांद्याला होती. बाकावरच्या लोकांना तो हसत हसत सांगत होता, "या सिस्टरांनी नुसता जीव टांगणीला लावला होता हो आमचा!"

सिस्टर कात्री घेऊन जवळ आल्या तशी बाईने अंग चोरलं.

"दुसऱ्या कोणाला तरी बोलवा."

"का गं? माझं काय चुकलं?"

"तुम्ही यांना जाताना पाहिलंत," बाई खालच्या आवाजात म्हणाली. मग तोंड फिरवून तिने बाहेर हाक मारली, "अहो, आत या ना."