उजव्या खांद्यावरचा पदर

फूलबागेजवळच्या प्रदर्शनात माझ्या धाकट्या बहिणीची एचिंग्ज लागली होती. ग्वाल्हेरच्या आसपासच्या खेड्यांतल्या बायका, कुणी हापशावर भांडी घासतेय, कुणी गोवऱ्या थापतेय. एचिंग म्हणजे मेण लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईनं रेघा काढायच्या, त्या तेजाबानं खोल करायच्या आणि शाई भरून पत्रा कागदावर दाबायचा. छापा मात्र उलटा उमटतो. डावं ते उजवं होतं.

आमच्या मराठी मंडळातले एक काका चष्मा पुसत म्हणाले, "काम छानच आहे, पण गडबड झाली ना! सगळ्यांचे पदर उजव्या खांद्यावर. छापा उलटतो हे पोरीच्या ध्यानातच आलं नाही."

माझं डोकंच फिरलं. "काका, आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे ग्वाल्हेरात राहतोय. हजीऱ्याच्या बाजारात येणाऱ्या खेड्यातल्या बायका कधी नीट बघितल्यात? त्यांचा पदर उजव्याच खांद्यावरून पुढे येतो. ही आधीचं रेखाटन आरशात बघून ते पत्र्यावर उलटं काढते, म्हणून कागदावर तो बरोबर आलाय."

काकांना काही पटेना. मग मी त्यांना शेवटच्या, अजून न पाहिलेल्या चित्रापाशी नेलं. आमची आई तांदूळ निवडत बसलेली, पदर डाव्या खांद्यावर.

काका चष्मा सावरून वाकून बघू लागले. मला मात्र राहवेना.

"हेही आरशात बघूनच काढलंय," मी म्हणालो. "जिचा पदर ज्या खांद्यावर, त्याच खांद्यावर ठेवते माझी बहीण."