फुकटची वीज

गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या त्या माणसाला सगळे फुकटमास्तर म्हणत. हा मान त्याने स्वतःच्या तोंडाने कमावला होता. कुणी जादा बॅटरी बसवायला आलं की तो ठासून सांगायचा, "इंजिन फिरतंच आहे, त्याच्या पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो. वीज फुकट!" त्याच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या फिरत्या दवाखान्यातही त्यानेच मोठा अल्टरनेटर आणि जादा बॅटऱ्या बसवल्या. गाडी एका जागी उभी, इंजिन आधीसारखंच चालू, आत खुर्ची आणि दिवे आता दिवसभर त्या विजेवर. ड्रायव्हर म्हणजे त्याचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. थोड्याच दिवसांत डिझेल भलतंच जायला लागलं. बाईंनी दोघांना समोर उभं केलं.

"बॅटऱ्या डिझेल खातात का हो?"

"छे! ती वीज फुकटची," मास्तर म्हणाला.

बाईंनी दाजींकडे पाहिलं. दाजींनी मास्तरकडे पाहिलं. मास्तरने पक्कड पुसायला घेतली. दाजींवर चोरीचा शिक्का बसला आणि नोकरी गेली.

नवा ड्रायव्हर आला, तरी डिझेल तेवढंच. गाडी पुन्हा दुकानात आली. मास्तरने इंजिन चालू ठेवून चार्जिंगचा खटका दाबला. इंजिन दबलं, कण्हलं. बंद केला, तसं मोकळं झालं. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. हे कण्हणं त्याने उभा जन्म ऐकलं होतं आणि दोष सैल पट्ट्यावर ढकलला होता. शेजारचा इंजिनमिस्त्री हसला, "अरे, रिकाम्या बॅटऱ्या भरताना तीन-चार हॉर्सपॉवर खातो अल्टरनेटर. वीज काय आभाळातून पडते? डिझेलच जळतं की!" मास्तरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आधी त्याने बाईंना खरं सांगितलं. मग मान खाली घालून बहिणीचं घर गाठलं. दाजी जिन्यात बसून दुसऱ्यांचे बूट शिवत होते. त्याने सगळं ओकून टाकलं. "माझं चुकलं, दाजी. बाई परत बोलावतायत तुम्हाला."

दाजींनी सुई खाली ठेवली. "अल्टरनेटरचं राहू द्या. कामात चुकतं माणूस. पण त्या दिवशी मी तुमच्याकडे बघितलं ना, तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं? मी डिझेल विकलं?"

छे म्हणायला त्याने तोंड उघडलं. दारात ताई पाण्याचा पेला घेऊन उभी होती.

"वाटलं होतं," तो म्हणाला.

ताई पेला तसाच घेऊन आत गेली.