बैल बरे हाईत

बायांनो, आज दुपारचीच गोष्ट. आमच्या तेर गावाला टपाल आलं.

आमचे हे आन् शेजारच्या शेवंतावैनीचे मालक संगंच लढाईच्या भरतीत गेले. दोघं अजून रंगरूट, दिवसभर कवायत. दोघांनाबी लिवता येत न्हाय. पलटणीतलं कुणीतरी लिवून देतं, खाली हे अंगठा लावतात.

मला वाचता येतं. म्या माझं पत्र वाचलं. "मी खुशाल आहे. तुझ्या हातच्या भाकरीची याद येते. बैलांना जप." भाकरीची ओळ म्या दोनदा वाचली.

तेवढ्यात वैनी त्यांचं पत्र घेऊन आल्या. म्या वाचाया लागले. तीच भाकरी, तेच बैल. एक शब्द इकडचा तिकडं न्हाय.

वैनीला जमीन न्हाय. बैल कुठला!

म्या त्यांच्या तोंडाकडं बगितलं. त्या पदरानं डोळे पुसत हुत्या. मग म्हणाल्या, "लिव पोरी, बैल बरे हाईत. त्यास्नी तिकडं घोर नको."

म्या कागद घेतला. लिवलं.

त्या गेल्यावर माझं उत्तर लिवाया बसले. आमचा एक बैल मेला, ते सांगायचं हुतं. पर रडू येईना, रागबी येईना. वैनीचं उत्तर टपालात टाकाया माझ्यापाशीच हुतं. ते समोर ठेवलं आन् जसंच्या तसं उतरवलं. "बैल बरे हाईत. घोर नको."

तिकडं वाचून दाखवणारा बी एकच असंल.

बायांनो, तुमच्या घरी आलेल्या पत्रात तुमचा माणूस किती असतो?