अण्णांच्या तब्येतीची पानं

अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीवर कामाला होतो. वडिलांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांचं करायला आम्ही दोघंच, मी आणि बायको. मळ्यातली वांगी-कोथिंबीर बाजारात पोचवण्यापर्यंतचं सगळं तिच्याकडे. अण्णांना कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं माझ्याकडे. माझी पाळी बदलली की हे वाटप उलटंपालटं व्हायचं. त्या दिवसांत मला कुठेही टेकलं तरी झोप लागायची, आणि अंथरुणावर पडल्यावर नेमकी लागायची नाही.

त्यात फोन. माझी थोरली बहीण मस्कतला असायची. ती रोज विचारायची, किती जेवले, बोट हललं का, ओळखतात का. तेच नातेवाइकांना सांगून झालेलं असायचं. एकदा माझा आवाज चढला. मग मीच तिला म्हटलं, ताई, मी रोज लिहून ठेवतो, तू ऑफिसात बसून वाच.

हौसेने बनवलेली माझी एक छोटी वेबसाइट होती, नेटवरच्या फुकटच्या जागेवर. तिच्यावर मी अण्णांच्या तब्येतीची पानं टाकायला लागलो. ताईच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो. रोज कालच्या पानाची नक्कल करायची, मजकूर बदलायचा, 'मागचा दिवस' आणि 'पुढचा दिवस' यांच्या लिंक जोडायच्या, पहिल्या पानावरची यादी दुरुस्त करायची. सगळं हाताने.

एके दिवशी पाळीवरून येऊन पेंगत हे केलं आणि 'आजचं पान' या लिंकला चुकून जुनं पान जोडलं. छातीत कफ साठून अण्णांना पुन्हा दवाखान्यात हलवलं होतं, त्या दिवसाचं.

ताईचा फोन आला तेव्हा मी अण्णांना मऊ भात भरवत होतो. अगदी खालच्या आवाजात तिने विचारलं, "कुठल्या दवाखान्यात नेलंय?"

मी म्हटलं, ते घरीच आहेत, माझ्यासमोर जेवताहेत. मग तिचं रडणं ऐकू आलं. तारीख न बघता पहिलीच ओळ वाचली आणि ती साहेबांकडे रजा मागून, सामान भरायला घरी निघाली होती.

हे काम माझ्या हातून काढून घ्यायला हवं, हे मला तेव्हा कळलं. हात थकलेला होता, तो चुकणारच. म्हणून दुपारी अण्णा झोपले की त्यांच्या खाटेशेजारी बसून मी एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. मी फक्त त्या दिवसाचा मजकूर साध्या फाइलीत लिहायचा आणि फाइलीला तारखेचं नाव द्यायचं. बाकी प्रोग्रामने करायचं. प्रत्येक मजकूर एकाच साच्यात बसवायचा, पानं तारखेप्रमाणे लावायची, लिंक जोडायच्या, यादी तयार करायची. त्याने बनवलेली पानं मी नेटवर चढवली की झालं. सांगायला एवढंच, पण भारनियमनात मधेच वीज जायची आणि केलेलं पुसलं जायचं. सुरुवातीला प्रोग्राम दहा तारखेला दोन तारखेच्या आधी बसवायचा. एकेरी आकड्यांच्या आधी शून्य लावायचं सुचेपर्यंत कितीतरी दुपारी गेल्या.

शेवटी एकदाची सगळी पानं ओळीने, बिनचूक तयार झाली. आनंद झाला असं म्हणवत नाही. एक ओझं उतरलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मग आता जरा पडा.

लिंक पुन्हा चुकल्या नाहीत. पण माझा मजकूर आटत गेला. 'जेवले. झोपले. बोट तसंच.' प्रोग्राम तेवढ्याचंही नीट पान करायचा. महिन्याभरात ताई दारात उभी राहिली.

"तुझी वाक्यं लहान व्हायला लागली," ती म्हणाली, "म्हणून आले."

मी तिची बॅग आत नेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपलो.

फाइल कशी लिहायची, प्रोग्राम कसा चालवायचा, हे तिला दाखवलं. पानं ती लिहू लागली आणि मी कामावर जेवणाच्या सुट्टीत, साहेबांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर ती वाचू लागलो. ती लांबलचक लिहायची. एका पानावर तिने लिहिलं होतं की बायको पडवीत कोथिंबिरीच्या जुड्या मोजते तेव्हा अण्णांचे ओठ हलतात. तेही मोजत असतात. ती मधेच थांबली की अस्वस्थ होतात.

मी त्यांना रोज पुसत होतो, भरवत होतो, आणि हे मला दिसलंच नव्हतं. डबा तसाच राहिला.

त्यानंतर बायको त्यांच्या खाटेशेजारी बसून, मोठ्याने आकडे म्हणत जुड्या बांधू लागली. दिवाळीच्या सुमारास अण्णांच्या तोंडून 'तीन' बाहेर पडलं, मग 'चार'. वाक्य कधीच आलं नाही. आमची नावंही नाही. ताईची रजा संपली, ती परत गेली. पुन्हा सगळं आमच्या दोघांवर आलं, पाळ्या, मळा, अण्णा. मी लिहायचो, कधी दोन ओळी, कधी चार. ज्या दिवशी काहीच जमायचं नाही त्या दिवशी, अण्णा कितव्या आकड्यापर्यंत गेले, तेवढंच लिहून ठेवायचो.