भीमेकाठची सोयरीक

पाखरांवर एवढी माया करणारा आणि पाखरांबद्दल एवढा अडाणी माणूस सबंध दौंड तालुक्यात दुसरा नसेल, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. पोरगी त्यांच्या घरात दिलेली, त्यामुळे आबांच्या शब्दाला नाही म्हणायची सोय नव्हती. थंडी पडली की त्यांच्या राहू गावाहून फोन यायचा, "पाव्हणं, उद्या नदीला." मग मी भल्या सकाळी यवतहून स्कूटरवर निघायचो. अंगात दोन स्वेटर, वर मफलर, माकडटोपी आणि गळ्यात नवी कोरी दुर्बीण. या अवतारात मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आबांचं कुत्रं बैलगाडीखाली शिरलं, ते मी परत जाईपर्यंत बाहेर आलं नाही.

मी निवृत्तीनंतर पक्ष्यांचं एक जाडजूड पुस्तक घेतलं होतं आणि त्यामुळे आपण जाणकार झालो अशी माझी समजूत होती. आबांना पुस्तकाची गरजच नव्हती, ते पक्ष्यांना थेट नातेवाइकांची नावं द्यायचे. उथळ पाण्यात मान आखडून उभा असलेला बगळा म्हणजे केंदूरचे आप्पा, आबांचे मेहुणे. आमच्या मुलांच्या लग्नात आप्पांना फेटा सगळ्यांत शेवटी बांधला गेला, तेव्हापासून ते रुसलेले आहेत. "आबा, याला राखी बगळा म्हणतात," मी पान उघडून दाखवलं. "म्हणत असतील. पर त्यो आप्पाच हाय. बघा, अजून बोलंना." दगडावर पंख पसरून बसलेला पाणकावळा म्हणजे गावचे माजी सरपंच, "शाल कोण टाकतंय त्याची वाट बघत्यात." आणि शेपटी हलवत काठाने तुरुतुरु पळणारा धोबी म्हणजे आमच्या विहीणबाई. "एका जाग्यावर बूड टेकंल तर शप्पत," असं म्हणताना आबा एकदा घराच्या दिशेने वळून खात्री करून घ्यायचे.

माझ्या जिवाला घोर वेगळाच होता. या गोतावळ्यात मी कोण? मलाही एखादं पाखरू नेमून दिलेलं असणारच, पण व्याह्याच्या तोंडावर सांगायचं कसं म्हणून आबा गप्प असणार. मनातल्या मनात मी स्वतःला करकोचा समजत होतो. उंच, शांत, विचारी. पण एकदा माझा पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतला आणि मी अशी बोंब ठोकली की पलीकडच्या उसातून माणसं धावत आली. नेमकी त्याच वेळी डोक्यावरून एक टिटवी केकाटत गेली. आबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिशीत हसले. तेव्हापासून कुठेही टिटवी ओरडली की मी खाली बघायचो.

यंदा दिवाळीनंतर आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, पुण्यात, मुलाकडे राहून. निघायच्या सकाळी ते काठी टेकत नदीवर आलेच. वाळूवर चक्रवाकांची जोडी उतरली होती, नारिंगी, गुबगुबीत. त्यातला एक सारखा ओरडत होता आणि दुसरा मुकाट्याने चिखल चाचपत होता. मी धीर केला. "आबा, एकदाचं सांगून टाका. मी टिटवी ना?"

"छ्या! टिटवी आमची आक्का." त्यांनी काठीने वाळूकडे दाखवलं. "त्ये दोगं म्हंजी आपुन. वरडतोय त्यो तुम्ही. त्यो गप बसला की दुसऱ्याला करमत न्हाई."

चक्रवाकाची जोडी म्हणजे जुन्या काव्यातले प्रेमिक, ताटातूट झाली की रात्रभर एकमेकांना हाका मारणारे, हे मला पुस्तकामुळे ठाऊक होतं. ते मी आबांना सांगितलं नाही. दोन स्वेटरच्या आत एकाएकी उकडायला मात्र लागलं.

ऑपरेशन चांगलं झालं, पण चालायला वेळ लागणार होता. थंडीत उठण्यातून सुटलो, म्हणून मी दुलई ओढून घेतली, तर मेली झोपच येईना. आता मी एकटाच नदीवर जातो आणि तिथे पुण्याहून आबांचा फोन येतो. आप्पा अजून फुगलेलेच आहेत, सरपंचांना शाल मिळालेली नाही, असा सगळा वृत्तान्त मी देतो. मागून माझी पोरगी विचारते, "बाबा, कोण फुगलंय?" मला आबांची फार आठवण येते, पण तेवढं काही व्याह्याला फोनवर सांगवत नाही.

काल सगळ्यांची चौकशी करून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "आन् आपुन?"

"आहोत की. दोघंही."

"वरडतोय का त्यो? ऐकवा जरा."

मी फोन वाळूच्या दिशेने धरला, पण जोडी फार लांब होती, काही ऐकू जाईना. मग मी आजूबाजूला कुणी नाही असं बघून घेतलं, माकडटोपी वर सारली आणि नरडं ताणून स्वतःच ओरडलो.

"व्हय," आबा म्हणाले, "त्योच."